अत्तराला औषधाची चिठ्ठी कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक पत्रक चिकटवलेलं दिसलं. ‘निरोगी कुटुंबासाठी आवश्यक तेले. मोफत मार्गदर्शन. चहापाण्याची सोय.’ लाकडी घाण्याच्या तेलांचं हल्ली अमाप पीक आलंय, त्यातलंच काही करडई-शेंगदाण्याचं असेल असं समजून मी खाली क्लबहाउसमध्ये गेले. तर टेबलावर बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्यांची रांग आणि शेजारी फुसफुस वाफ सोडणारं एक पांढरं यंत्र, म्हणजे डिफ्यूझर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इंग्रजीत ज्यांना ‘इसेन्शियल ऑइल्स’ म्हणतात, त्यांचं कुणीतरी सरळ ‘आवश्यक तेले’ करून टाकलं होतं.

चूक भाषांतराची आहे, पण सगळा धंदा त्याच चुकीवर उभा आहे. या नावातला ‘इसेन्शियल’ हा ‘इसेन्स’वरून आलेला, म्हणजे अर्क, सत्त्व. ‘आवश्यक’शी त्याचं काहीही नातं नाही. मीठ आवश्यक आहे, आयोडीन आवश्यक आहे. लॅव्हेंडरच्या तेलावाचून जगात कुणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यांना ‘बाष्पनशील तेल’ म्हणतात, जिभेला जरा जड पण खरं नाव. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे नावाच्या बाबतीत माझा हट्ट वाचकांनी समजून घ्यावा.

त्या दिवशी बोलायला आलेल्या ताई गोड होत्या. झोपेला लॅव्हेंडर, डोकेदुखीला पेपरमिंट, सर्दीला निलगिरी, मुलांच्या अभ्यासाला रोजमेरी, आणि प्रतिकारशक्तीला एक मिश्रण, ज्यात काय आहे ते कंपनीचं गुपित. ‘रसायनं नाहीत, दुष्परिणाम नाहीत, आणि हे सगळं आपल्या ऋषिमुनींचंच आहे बरं का,’ असं त्या तीनदा म्हणाल्या. मी गप्प बसले. चहा चांगला होता आणि मैत्रिणींसमोर वाद नको वाटला. आठवड्याने माझ्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांनी तिथूनच तीन बाटल्या घेतल्या होत्या. ‘वहिनी, लॅव्हेंडरने बीपी उतरतं म्हणे. मग गोळी अर्धी केली तर चालेल का हो?’

त्या दिवशी गप्प बसले ही माझी चूकच झाली. ती या लेखाने भरून काढते.

आधी एक सांगते, नाहीतर मला वासांचं वावडं आहे असा समज व्हायचा. आमच्या घरी थंडीत हिन्याचा फाया कानाच्या पाळीत खोचल्याशिवाय वडील बाहेर पडत नसत. उन्हाळ्यात माठात वाळा, पावसाळ्यात केवडा, दिवाळीत उटणं आणि सुगंधी तेल. लग्नात अत्तरदाणी घेऊन दारात उभं राहण्यासाठी आम्हा बहिणींत भांडणं होत. आजही पुण्याच्या बोहरी आळीत गेले की गरज नसताना एका अत्तरवाल्याकडे डोकावते. माझं भांडण सुगंधाशी नाही. या सुखाच्या गळ्यात ज्यांनी स्टेथोस्कोप अडकवला आहे, त्यांच्याशी आहे.

ऋषिमुनींपासूनच सुरुवात करू. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तेलं भरपूर आहेत, पण ती कोणती? ‘तैल’ हा शब्दच मुळी तिळावरून आला. तिळाच्या तेलात वनस्पतींचे काढे आणि कल्क घालून पाणी आटेपर्यंत शिजवायचं, त्याला तैलपाक म्हणतात. नारायण तेल घ्या, महामाष तेल घ्या, सगळी याच रीतीची. ती स्निग्ध असतात, अंगाला चोळायला असतात, आणि त्यांतला तेलपणा तिळाचा असतो. लॅव्हेंडरच्या बाटलीत स्निग्ध असं थेंबभरही नसतं. वनस्पतीतून वाफ सोडून, ती थंड करून वर तरंगणारा जो उडून जाणारा अंश मिळतो, तो हा. आपण दोघांनाही ‘तेल’च म्हणतो, आणि या एका शब्दाच्या पुलावरून दोन हजार वर्षांची पुण्याई एका बाजूने दुसऱ्या बाजूला फुकट नेली जाते. ऊर्ध्वपातन आपल्याकडे कधीपासून होतं यावर इतिहासकारांचे वाद आहेत, ते बाजूला ठेवू. पण अभ्यंगाचा दाखला देऊन डिफ्यूझर विकणं म्हणजे बैलगाडीची कागदपत्रं दाखवून मोटार विकण्यासारखं आहे.

आपल्याकडे सुगंधाचं शास्त्र नव्हतं असं नाही. उत्तम होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर आख्खा अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी पोथ्यांच्या ढिगातून गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्याबरोबरचा ‘गंधवाद’ उजेडात आणला. त्या गंधवादावर तर चक्क मराठी टीका आहे! १९८९ साली बडोद्याहून ही दोन्ही पुस्तकं छापली गेली. मराठीत सुगंधावर शतकांपूर्वी कुणीतरी नेटाने लिहून ठेवलंय, याचं कौतुक या तेलवाल्यांपैकी कुणी केलेलं मला तरी ऐकू आलेलं नाही. कारण उघड आहे. ही विद्या देवपूजेसाठी, दरबारासाठी, शृंगारासाठी होती. उटणी, धूप, मुखवास, स्नानाची चूर्णं. सुगंध हवा तो सुगंध म्हणून, त्यापायी लाजायचं काही नव्हतं. तीच गोष्ट गुलाबाच्या अत्तराची. जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या शोधाचं श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला देतो. गुलाबपाणी करताना भांड्यावर साय धरली, ती तिने गोळा केली. बादशहा त्या वासाने हरखून गेला, मन प्रसन्न झालं म्हणाला आणि बक्षीस दिलं. रक्तदाब मोजला नाही.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द मात्र ऋषींचा नाही, अस्मत बेगमचाही नाही. तो १९३७ साली एका फ्रेंच पुस्तकाच्या मथळ्यावर आला. लेखक ल्यों शहरातले रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे, घरचाच सुगंधांचा कारखाना. त्यांची एक गोष्ट प्रत्येक शिबिरात सांगतात, आमच्या क्लबहाउसातही सांगितली गेली. प्रयोगशाळेत हात भाजला, त्यांनी घाईघाईत तो शेजारच्या पिंपात बुडवला, पिंपात लॅव्हेंडरचं तेल होतं, जखम चमत्कारासारखी बरी झाली. आता गातफोसेंनी स्वतः काय लिहिलंय? १९१० साली स्फोट झाला, अंगाला आग लागली, ती त्यांनी गवतावर लोळून विझवली. पुढे हातांच्या जखमा सडू लागल्या तेव्हा त्यांनी लॅव्हेंडरचा अर्क मुद्दाम वापरून पाहिला. म्हणजे एका रसायनतज्ज्ञाने त्या काळात, जेव्हा प्रतिजैविकं नव्हती, एक जंतुनाशक जखमेवर लावून पाहिलं. यात पिंप नाही आणि वाफेचं यंत्रही नाही. मूळ माणूस बऱ्यापैकी शहाणा होता. त्याच्या नावावर चमत्कार नंतरच्यांनी चढवला.

मग येतो मेंदू. ताईंनी एक रंगीत चित्र दाखवलं. नाकातली नस सरळ मेंदूच्या भावनांच्या भागात जाते, म्हणून सुगंध ‘थेट काम करतो’. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. बाकीच्या संवेदना मेंदूतल्या थॅलेमस नावाच्या चौकीवरून पुढे जातात, वास ती चौकी टाळून जातो. पण हा मान एकट्या लॅव्हेंडरचा नाही. गटारीचा वासही त्याच वाटेने जातो, आणि वाळत घातलेल्या बोंबलांचाही. माझी एक विद्यार्थिनी वेंगुर्ल्याची, पुण्यात हॉस्टेलवर राहायची. तिला बोंबलांच्या वासाने घर आठवून डोळ्यांत पाणी यायचं, आणि तिच्या खोलीतली सदाशिव पेठेतली मुलगी त्याच वासाने खिडकी उघडायला धावायची. नस एकच, परिणाम उलटे. कारण वासात अर्थ नसतो, तो आपल्या आयुष्याने भरलेला असतो. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या धुतलेल्या चादरींच्या घड्यांत लॅव्हेंडर घालून ठेवायचे, म्हणून तिथल्या माणसाला त्या वासाने आजीचं अंथरूण आठवत असेल. मला तो वास आला की नाटकगृहातलं स्वच्छतागृह आठवतं. आमची शांतता बकुळीत आहे, सोनचाफ्यात आहे, वळवाच्या पहिल्या सरीत आहे. पण दारातल्या बकुळीला दहा मिलिलिटरचे हजार रुपये कोण देणार?

‘पण अभ्यास झालेत ना!’ झालेत की. मी त्यातले बरेच वाचले, निवृत्त माणसाला वेळ असतो. मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला तो २००८ सालचा अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा. ५६ निरोगी माणसं. त्यांना वेगवेगळ्या दिवशी लिंबाचा वास, लॅव्हेंडरचा वास आणि नुसतं पाणी. मग त्यांचा रक्तदाब, नाडी, ताणाची संप्रेरकं, रोगप्रतिकाराच्या पेशी, सगळं मोजलं. चिकटपट्टीने त्वचेचा थर काढून तो किती वेगाने भरून येतो ते पाहिलं. बर्फाच्या पाण्यात पाय घालायला लावून वेदना किती सोसवते तेही पाहिलं. निकाल काय? लिंबाच्या वासाने माणसांची मनःस्थिती जरा सुधारली. लॅव्हेंडरने तेवढंही नाही. आणि जखम भरणं, वेदना, प्रतिकारशक्ती यांत दोन्ही तेलं पाण्याहून सरस ठरली नाहीत.

बाकीच्या अनेक प्रयोगांत एक अडचण असते, ती सोडवणं मुश्कील आहे. गोळीच्या प्रयोगात खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला हे लपवता येतं. वास कसा लपवणार? ज्याला लॅव्हेंडर दिलं त्याला ते कळतं, आणि ‘लॅव्हेंडरने झोप येते’ हे त्याने आधीच कुठेतरी वाचलेलं असतं. त्यात बऱ्याच प्रयोगांत तेल चोळून मालिश केलेलं असतं. अहो, अर्धा तास कुणी मायेने पाठ चोळून दिली तर मला एरंडेलानेही झोप लागेल. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरचे असे १३ अभ्यास एकत्र तपासून, वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२० साली सांगितलं की खात्रीने म्हणावं असं काही हाती लागत नाही.

आता विरोधी पक्षाच्या बाजूनेही दोन गोष्टी मांडते, कारण त्या खऱ्या आहेत. लॅव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत औषध म्हणून मिळते आणि चिंताविकारावर तिचे बरे अभ्यास आहेत. पेपरमिंट तेलाची, आतड्यात जाऊनच विरघळणारी कॅप्सूल चिडक्या आतड्याच्या दुखण्यात उपयोगी पडते. पण नीट पाहा. ही ठरलेल्या मात्रेची, गिळायची, कारखान्यात प्रमाणित केलेली औषधं आहेत. वासाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्या जोरावर यंत्रातून वाफ उडवणं म्हणजे पेनिसिलीन बुरशीपासून आलं म्हणून शिळ्या भाकरीची बुरशी खरवडून जखमेला लावणं. आणि गंमत ऐका, नुसता वास घेऊन खरोखर उपयोग होतो असा एक चांगला पुरावा आहे तो कशाचा? इंजेक्शनआधी दंडाला पुसतात त्या स्पिरिटच्या बोळ्याचा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत आणि तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांत तो हुंगायला दिला तर मळमळ कमी होते असं दिसलंय. चार-पाच रुपयांची वस्तू. तिच्यावर कुणी शिबिर घेत नाही.

आता ज्या मुद्द्यापायी मी पेन उचललं, त्याकडे येते. निलगिरी, कापूर आणि पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेन्थॉल, हे तिघे ‘नाक मोकळं करतात’ यावर महाराष्ट्रातल्या घराघरांत एकमत आहे. माझंही होतं. लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून द्यायची आणि मला खरंच वाटायचं की हवा सरळ टाळूपर्यंत शिरतेय. १९८३ साली कार्डिफमध्ये रॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. नाकातून हवा जायला किती अडथळा होतो ते यंत्रावर, आणि ‘तुम्हाला कसं वाटतं’ ते माणसाला विचारून. माणसं म्हणाली, नाक मोकळं झालं. यंत्र म्हणालं, काहीही बदललेलं नाही. नाकाच्या आतल्या अस्तरात गारव्याची जाणीव करून देणारी केंद्रं असतात. एरवी आत येणाऱ्या हवेच्या झुळुकीने ती जागी होतात. मेन्थॉल त्यांना झुळुकीवाचूनच जागं करतं. मेंदू समजतो, हवा आली. सूज तशीच, शेंबूड तसाच, अडथळा तितकाच.

मराठीत आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो. बरं वाटणं आणि बरं होणं. एरवी सर्दीत हा फरक सोडून द्यावा, चार दिवसांत दोन्ही होतं. पण एप्रिल २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. कापूर, लवंग, ओवा, त्यावर निलगिरीचे थेंब, कापडात बांधून पोटली, आणि ‘हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो’ असा संदेश. तो आपल्याला प्रत्येकाला किमान पाच जणांनी पाठवला असेल. आमच्या नात्यातले एक गृहस्थ, शिकलेले, बँकेत वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ८८ दाखवत असताना दोन दिवस पोटली घेऊन बसले. ‘श्वास छान मोकळा येतोय, यंत्रच बिघडलंय,’ असं फोनवर मला म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. वासाने फुफ्फुसाच्या आत काहीच बदललं नव्हतं, त्याने फक्त नाकातल्या गारव्याच्या केंद्रांना गुदगुल्या केल्या होत्या. आणि त्या आजारात तर कित्येकांना ऑक्सिजन उतरल्याची धाप लागतच नव्हती, म्हणून ते यंत्र बोटाला लावायचं होतं. ज्या एका गोष्टीने खरं सांगितलं, तिच्यावरचा विश्वास पोटलीने उडवला. मुलाने शेवटी जबरदस्तीने नेलं, बारा दिवस ऑक्सिजनवर होते, वाचले. आजही लग्नकार्यात भेटले की सांगतात, ‘पोटलीने तारलं.’ सिलिंडरचं नाव निघत नाही.

‘दुष्परिणाम नाहीत’ या वाक्याचं मला नेहमी नवल वाटतं. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, हे पदार्थाच्या स्वभावातच आहे. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे बाटलीतला थेंब हा ‘निसर्ग’ नसतो, निसर्ग पिळून पिळून उरलेला तीव्र अंश असतो. सांधेदुखीला चोळतात ते गंधपुरा तेल घ्या. ते जवळजवळ शंभर टक्के मिथाइल सॅलिसिलेट असतं. त्याचा एक चहाचा चमचा म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या नेहमीच्या वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलाने तेवढं प्यायलं तर जीव जाऊ शकतो, आणि बाटलीला वास मात्र पेपरमिंटच्या गोळीसारखा, बूचही साधं. कापराची वडी गिळून मुलांना झटके येतात हे बालरोगतज्ज्ञांना नवं नाही. अमेरिकेत औषधी मलमांत ११ टक्क्यांहून जास्त कापूर घालायला बंदी आहे, आपल्याकडे देवघरात आरतीच्या ताटाशेजारी डबी उघडी असते. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी चार वर्षं झटके आलेल्या ३५० प्रौढांची विचारपूस केली, त्याचा निबंध २०२१ साली आला. त्यांतल्या ५५ जणांच्या झटक्यामागे निलगिरी किंवा कापूर असलेलं काहीतरी सापडलं. कुणी चोळलेलं, कुणी हुंगलेलं, कुणी पोटात घेतलेलं. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, पण अपस्माराच्या रुग्णाला डॉक्टरने ‘बाम कोणता लावता?’ असं विचारावं, एवढं नक्की होतं. मांजरीच्या यकृताला तर ही तेलं पचवण्याची यंत्रणाच अपुरी असते, आणि घरात डिफ्यूझर आणि मांजर दोन्ही असलेली मंडळी माझ्या ओळखीत तीन आहेत.

‘ती भेसळीची तेलं, आमचं शुद्ध, थेरप्युटिक ग्रेड आहे.’ हे ब्रह्मास्त्र. तर ऐका, अशी कोणतीही सरकारी किंवा स्वतंत्र प्रतवारी जगात नाही. कंपन्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती पदवी आहे. तेलात कोणते घटक किती असावेत याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, पण त्यांत ‘औषधी दर्जा’ नावाचा रकाना नाही. ताईंनी शुद्धता दाखवायला कागदावर थेंब टाकला, तो उडून गेला, डाग राहिला नाही, टाळ्या पडल्या. त्यातून एवढंच कळतं की खाद्यतेल मिसळलेलं नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं लिनालूल आणि त्याचं अ‍ॅसिटेट, म्हणजे लॅव्हेंडरच्या वासातले दोन मुख्य घटक, कागदावर टाका. तेही असेच बिनडाग उडून जातील. खरं तपासायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र लागतं, आणि चतुर भेसळवाला त्यालाही चकवतो. बोहरी आळीतला माझा अत्तरवाला या सगळ्यांपेक्षा सरळ. तो विचारतो, ‘मॅडम, रूह पाहिजे की कंपाउंड?’, म्हणजे शुद्ध अर्क की मिश्रण, आणि दोन्हींचे भाव वेगळे सांगतो.

भेसळीत आपला भाग तर ऐतिहासिक आहे. खानदेश-निमाडच्या माळावर रोशा गवत उगवतं. त्याचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळलं जायचं. युरोपात याला चक्क ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. त्या काळी कुण्या पॅरिसच्या बाईने खऱ्या गुलाबाचं म्हणून जे हुंगलं, त्यात निम्मं आमच्या खानदेशातलं गवत असणार. मला यात वाईट काही वाटत नाही, कारण तिला वास आवडला, काम झालं. औषध म्हणून घेतलं असतं तर फसवणूक झाली असती. जम्मूच्या डोडा भागातले शेतकरी आज सरकारी मदतीने लॅव्हेंडर लावतात, पैसे मिळवतात, त्यांचंही मला कौतुकच आहे. त्यांनी फूल विकावं, तेल विकावं. खोट्या आशा विकायचं काम मधल्यांचं आहे.

आणि शुद्धतेच्या गप्पा मारताना एक बाटली विसरता कामा नये. २०२१ साली अमेरिकेतल्या चार राज्यांत चार माणसांना मेलिऑइडोसिस झाला. आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या माती-पाण्यात राहणाऱ्या जंतूचा हा आजार, आणि यांतलं कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं. दोघं दगावली, त्यात एक लहान मूल. महिनोन्‌महिने शोधल्यावर जंतू सापडला तो वॉलमार्टमध्ये विकल्या जाणाऱ्या एका फवाऱ्याच्या बाटलीत. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइल, सुगंधोपचाराचा, आत रत्नांचे खडे घातलेला. बाटल्या भारतात बनल्या होत्या. सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवाव्या लागल्या. तेलाचा दोष नव्हता, हलगर्जीपणाचा होता, मान्य. पण औषधाच्या कारखान्याला जे नियम लावतो ते या वस्तूंना लावत नाही, आणि विकताना मात्र औषधाची भाषा. त्यांना दोन्हीकडचे फायदे हवेत.

ही भाषा किती लांब जाते? २०१४ साली इबोलाची साथ होती तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला यंग लिव्हिंग आणि डोटेरा या दोन बड्या तेलकंपन्यांना ताकीद द्यावी लागली, कारण त्यांचे विक्रेते ही तेलं इबोलावर चालतात असं सांगत होते. विक्रेते म्हणजे कोण? तुमच्याआमच्यासारख्या गृहिणी, साखळीतल्या. आपल्याकडे १९५४ पासून आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार अशा आजारांची यादीच त्यात आहे, यांवर इलाजाची जाहिरात करायची नाही. पण कायदा वर्तमानपत्रातली जाहिरात पकडेल. क्लबहाउसमध्ये चहा पिता पिता एक ताई दुसरीला काय सांगते, ते कोण पकडणार? त्यात ताईंवरही मला राग धरवत नाही. त्यांनी स्वतः सुरुवातीचा संच विकत घेतला आहे, तो संपवायचा आहे.

‘वाटतं ना बरं, मग तुमचं काय जातं?’ असं मला या लेखानंतर विचारलं जाईल. माझं काही जात नाही. वाटू दे की. माझा आक्षेप असा की नुसतं बरं वाटणं तुम्हाला पुरेसं का वाटत नाही? संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा माळताना आपण ‘हे माझ्या थायरॉइडसाठी’ असं म्हणत नाही. मग खोलीत चांगला वास यावा म्हणून पैसे खर्च केले, तर त्याला रोगाचं निमित्त का लागतं? मला वाटतं, आपल्या घरांत बाईने स्वतःच्या सुखासाठी काही विकत घेणं अजून चैनीत मोडतं, आणि आरोग्यासाठी घेतलं की ते कर्तव्यात बसतं. विकणाऱ्यांनी हे आपल्याआधी ओळखलं. अत्तर म्हणून दोनशेला न खपणारी बाटली उपचार म्हणून हजाराला खपते.

जाऊबाईंना मी सांगितलं, गोळी अर्धी करायची नाही, पाव करायची नाही, एकही चुकवायची नाही आणि शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं, मी सोबत येते. त्या जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, ‘अहो पण तीन हजारांच्या बाटल्या आहेत, फेकून देऊ का?’

‘फेकताय कशाला? लॅव्हेंडरचे दोन थेंब कापसावर टाकून पैठण्यांच्या कपाटात ठेवा, वास छान आहे. निलगिरी फरशी पुसायच्या पाण्यात. ती तिसरी कसली?’

‘पुदिन्याची. तोंडाला वास येऊ नये म्हणून पाण्यात घालून प्यायची म्हणाल्या होत्या.’

‘ती पिऊ नका. आणि तिन्ही बाटल्या वरच्या फळीवर ठेवा. मे महिन्यात नातू येतोय ना तुमचा?’